सीट चार बोटं खाली

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

पतसंस्थेने ही डायरी जानेवारीत वाटली होती. इतके महिने ती पिठाच्या डब्याखाली टेकण म्हणून होती. आज काढून घेतली. डबा आता डुगडुगतो, पण इतिहास घडत असताना नोंद ठेवायला हवी.

दिवाळीत पुण्याचे देवदत्त मराठे आणि त्यांचे चार मित्र गिअरच्या सायकलींवर वाट चुकून आमच्या वाघदऱ्याला आले. मी त्यांना चहा पाजला. त्यांचा सायकल क्लब आहे. डोंगरात, दगडधोंड्यांतून सायकल चालवायची, याला माउंटन बायकिंग म्हणतात. त्यांना दरवर्षीच्या मोहिमेसाठी नदीच्या घळीतून आणि जुन्या गावांतून जाणारी वाट हवी आहे. भोरकडची एक वाट त्यांच्या डोक्यात आहे. मी म्हणालो, "आमच्याकडे वाट तयार आहे असं समजा." फौजेत एकवीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. 'तयार आहे' आधी म्हणायचं आणि मग तयारीला लागायचं, हे मला नवीन नाही.

२२ डिसेंबरला क्लबचे सहा जण चाचणीला येणार. वाट पसंत पडली तर दरवर्षी ऐंशी सायकली आमच्या खोऱ्यात उतरतील. नाही पडली तर मेढ्याच्या स्टँडवर मला तोंड दाखवायला जागा नाही, कारण मी कालच सगळ्यांना सांगून बसलो आहे.

सौ. विजयमालाला सांगितलं. ती म्हणाली, "मग घळीतनंच न्या की. आमी पोरी आंबेदऱ्यावरनं शाळंला त्याच पायरवाटंनं यायचो."

मी म्हणालो, घळ म्हणजे गंमत नव्हे.

ती म्हणाली, "मलाबी न्या."

मी हसलो. शेजारची धोंडुबाई सूप घेऊन बसली होती, तिच्यासमोरच जरा मोठ्याने हसलो. म्हणालो, "आधी सायकल तर शीक!" विजयमाला आत गेली आणि भांडी घासायला लागली. नीट समजावून सांगितलं की तिला पटतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

पुण्याहून सायकल आणली. अठरा गिअर! एसटीच्या टपावरून आली. स्टँडवर उतरवताना निम्मा मेढा गोळा झाला. एकाने विचारलं, "हवालदार, अठरा गिअर म्हंजे हिला डिझेल किती लागतं?" अज्ञान फार आहे.

सीट माझ्या उंचीला लावून घेतली. मी पाच फूट दहा इंच. बोल्ट स्वतः आवळला. तो आता हलणार नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

घळीची पाहणी केली. काठापर्यंत गेलो, पोटावर झोपून खाली डोकावलो. पाणी फार खाली दिसत होतं. पायऱ्या होत्या, पण त्या पायऱ्या आहेत हे त्यांनाच माहीत असावं. पाहणी पूर्ण.

निर्णय घेतला की मार्ग घळीतून न नेता घळीच्या काठाकाठाने, बैलगाडीच्या वाटेने, सात गावांतून न्यायचा. घळ वरून दिसते की. शिवाय गावांत इतिहास पुष्कळ आहे. पिंपरदऱ्यात जुनी पायविहीर आहे, निंबोणीत सतीचा दगड आहे, पुढच्या गावात नुसताच दगड आहे, पण तोही जुना वाटतो. विजयमाला म्हणते, दगड दिसला की मी त्याला इतिहास चिकटवतो. तिला पुरातत्त्वाची जाण नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सीट चार बोटं खाली आलेली आढळली. बोल्ट ढिला. पुन्हा वर करून आवळला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सीट पुन्हा खाली. बरोबर चार बोटं. मालात खोट आहे. दुकानदाराला पोस्टकार्ड टाकलं.

सोमवार, २ डिसेंबर

महत्त्वाचा दिवस. सातही गावांच्या सरपंचांना पत्रं लिहिली. मजकूर मी हाताने लिहून दिला आणि मेढ्यात कचेरीबाहेर टायपिंग करणाऱ्या भाऊसोकडून टाइप करून घेतला. भाऊसोचा हात बसलेला आहे. तालुक्यातली निम्मी निमंत्रणं आणि सगळी मानपत्रं तोच टाइप करतो. म्हणाला, "हवालदार, येक शब्द तुमचा चुकला हुता, मी बराबर करून घातला." सुशिक्षित माणूस. चष्मा घरी राहिला होता, म्हणून उभ्या उभ्या सातही प्रतींवर सह्या ठोकल्या आणि एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या. कार्बनची प्रत इथे चिकटवून ठेवतो; मजकूर माझाच, पुन्हा वाचायची गरज नाही.

*प्रति, मा. सरपंच साहेब. महोदय, दि. २२/१२/९६ रोजी पुण्याचे सहा सायकलस्वार आपल्या गावातून जाणार आहेत. तरी ग्रामस्थांनी आपापल्या हद्दीत सायकलस्वारांचा यथोचित सत्कार करावा. कोणत्याही गावाने यात कमी पडू नये, ही नम्र विनंती. आपला, ला. रा. रांजणे, हवालदार (निवृत्त).*

मोजकं आणि मुद्देसूद. फौजेची सवय.

बुधवार, ४ डिसेंबर

माझी जुनी पी.टी.ची पँट सापडत नाही. विजयमाला म्हणाली, बोहारणीला दिली. पँटवर भांडं कोणतं आलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "यील." घरात नवीन भांडं काही दिसलं नाही. बोहारीण फसवून गेली.

सोमवार, ९ डिसेंबर

गावांचा प्रतिसाद पाहून ऊर भरून आला. पिंपरदऱ्याचे सरपंच स्टँडवर भेटले. म्हणाले, "काय काळजी करू नगा. आमी हलगी लावतोय." म्हणजे सायकली वळणावर आल्या की हलगी वाजवून पुढच्या लोकांना इशारा द्यायचा! ही कल्पना मलासुद्धा सुचली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "पाव्हण्यांच्या डोक्याची मापं काय?" हेल्मेट घालतात म्हणून सांगितलं. "मग कापड जादा लागंल," असं म्हणून ते विचारात पडले. अपघात झालाच तर डोक्याला बांधायला कापड! एवढा पुढचा विचार सरकारसुद्धा करत नाही.

निंबोणीहून निरोप आला की पाचजणी सुवासिनी तयार ठेवल्या आहेत. प्रथमोपचाराला असाव्यात.

विजयमालाच्या कोपराला हळद लावलेली दिसली. म्हणाली, विहिरीवर पाय घसरला. चालताना खाली बघत नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

धोंडुबाई सकाळी अंगणात बसून धापा टाकत होती. विचारलं तर म्हणाली, "पळून पळून जीव गेला बया." या वयात पळायचं कशाला? तिला दमा असणार. मेढ्याच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ती आणि विजयमाला एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावून आत गेल्या. दम्यात हसणं चांगलं नाही.

सीट खाली. मी आता रोज सकाळी वर करतो. मेढ्याला जाऊन येईपर्यंत ती पुन्हा खाली. गुरुत्वाकर्षणाचा काहीतरी संबंध असावा.

मंगळवार, १७ डिसेंबर

आज मनातलं लिहितो, ही डायरी कोणी वाचत नाही म्हणून. देवदत्तांचं पत्र आलं आहे. "काका, घळीतून जाण्याची आम्हा सर्वांना फार उत्सुकता आहे," असं लिहिलंय. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की वाट घळीतून जात नाही. मी त्या पायऱ्या उतरू शकत नाही. चालतही नाही, मग सायकलवरून कुठला. मला उंचीची भीती वाटते. एकवीस वर्षं फौजेत गाड्यांच्या खाली झोपून काढली, वर चढायची वेळ आली नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

विजयमालाने जेवताना पुन्हा विचारलं, "घळीचं काय ठरलं?" मी म्हणालो, "तांत्रिक अडचण आहे." ती म्हणाली, "पायऱ्या उजव्या अंगानं धरल्या तर काय न्हाई हुत. मदी येक सपाटी हाय, तिथं दम खायचा." मी वरण मागितलं.

गुरुवार, १९ डिसेंबर

रंगीत तालीम. सीट वर करून निघालो. पिंपरदऱ्याच्या उतारावर पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक यांबाबत माझा गैरसमज झाला. सायकल थांबली, मी पुढे गेलो. करवंदीची जाळी होती म्हणून वाचलो आणि करवंदीची जाळी होती म्हणूनच बसता येत नाही. उजवा घोटा कोहळ्याएवढा सुजला आहे. आप्पासोने, म्हणजे धोंडुबाईच्या थोरल्याने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणलं.

विजयमाला धावत आली. पहिला प्रश्न, "सायकलीला काय झालं न्हाई न्हवं?"

सव्वीस वर्षांचा संसार. नोंद करून ठेवतो.

सोमवार, २३ डिसेंबर

काल लिहायला हात वळत नव्हता. आता सगळं क्रमाने लिहितो.

रविवारी सकाळी साडेसातला देवदत्त, श्रद्धा नावाची एक मुलगी आणि आणखी चार जण वाघदऱ्यावरच्या पठारावरून निघाले. श्रद्धा सायकल अशी चालवते की मी मनातल्या मनात विजयमालाची क्षमा मागितली, पण मनातल्या मनातच. त्यांची गाडी आंबेदऱ्याला उभी होती आणि ती साडेबाराला सुटणार होती. चौदा किलोमीटरला वेळ भरपूर होता. मी गाडीवाटेने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून त्यांच्या मागे. शेजारी माझी सायकल, वेळ आली तर सुटे भाग काढायला. विजयमाला आणि धोंडुबाई पण चढल्या. विजयमालाचं माहेर आंबेदरं, तिचा भाऊ नानासो तिथला सरपंच, म्हणून मी काही बोललो नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी पिंपरदऱ्याच्या उतारावर सहा सायकली सुसाट आल्या आणि हलगी वाजली. काय वाजली! सहाही जणांनी दचकून ब्रेक दाबले. तेवढ्यात बाभळीमागून चाळीसएक माणसं निघाली आणि त्यांनी देवदत्तांना सायकलीसकट उचललं. मला वाटलं, वाटमारी. पण पुढे मांडव दिसला. खुर्च्या, माइक, हार. हेल्मेट काढायला लावलं नाही, वरूनच फेटे बांधले. सहा शाली, सहा नारळ. सरपंचांनी पायविहिरीपासून भाषण सुरू केलं आणि त्यांच्या धाकट्या मेव्हण्याच्या ग्रामसेवक होण्यापाशी संपवलं. अर्धा तास.

निंबोणीला सुवासिनींनी आधी सायकलस्वारांना आणि मग सायकलींना ओवाळलं. हँडलला हळदकुंकू. खंडेनवमीला ट्रॅक्टरला करतात तसा पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. एकीचा नेम चुकला आणि दोन आऱ्या वाकल्या. तिसऱ्या गावात शाळेचं लेझीम पथक होतं आणि स्वागतगीताची नऊ कडवी. श्रद्धाच्या पाठपिशवीत तीन नारळ झाले होते. चढावर ते एकमेकांवर आपटून टाळ वाजल्यासारखा आवाज येत होता.

साडेदहा वाजले. सात गावांतली तीन झाली होती.

मी तिसऱ्या सरपंचांना बाजूला घेऊन ओरडलो, "हे काय चालवलंय?"

ते म्हणाले, "आवं, तुमचंच पत्र हाय की!" आणि खिशातून कागद काढला. या वेळी चष्मा होता. वाचला. 'सहकार्य' लिहिलं होतं मी. सहकार्य! भाऊसोने ते 'बरोबर' करून 'सत्कार' घातला होता. खाली 'कमी पडू नये' हे मात्र माझंच. सही पण माझीच.

देवदत्त फेटा सावरत आले. त्यांचा सभ्यपणा संपत आला होता. "काका, ही वाट आहे की वरात? आणि घळ कुठे आहे?"

मी घळीकडे हात दाखवला. "ती काय, डाव्या हाताला. वरून छान दिसते."

"वरून?" ते म्हणाले. त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. एक जण हळूच "भोर" असं म्हणाला. मी ऐकलं. पुढच्या गावाचा बँड ऐकू येत होता.

तेव्हा विजयमाला ट्रॉलीतून खाली उतरली. तिने पदर खोचला, साडीचा घोळ वर घेतला आणि खाली माझी पी.टी.ची पँट! घोट्यापाशी सुतळीने बांधलेली. बोहारणीबद्दल मी फार वाईट बोललो होतो. तिने माझ्या पेटीतून पाना काढला, सायकल खाली घेतली आणि न बघता सीट चार बोटं खाली केली.

मी म्हणालो, "अगं, त्याचा बोल्ट ढिला आहे, मी रोज..." धोंडुबाई आभाळाकडे बघत होती. तिला दमा नव्हता.

विजयमाला पुण्याच्या लोकांना म्हणाली, "माझ्या चाकामागं चाक ठिवा. उतरा म्हनलं की उतरायचं, सोडा म्हनलं की सोडायचं. मदी येक सपाटी हाय, तिथं दम खाऊ. नारळ हितंच ठिवा." श्रद्धाने सगळ्यात आधी नारळ काढले.

मी ओरडलो, "पुढचा ब्रेक!"

"म्हाईत हाय!" असा आवाज आला आणि घळीच्या तोंडातून ती दिसेनाशी झाली. तिच्यामागे सहा फेटे एकेक करून खाली गेले.

आम्ही रस्त्याने आंबेदऱ्याला गेलो. पाऊण तास लागला. आप्पासो काहीतरी बोलत होता, मी एक शब्द ऐकला नाही. मी घाबरलो होतो. वाटेची, क्लबची, मेढ्याच्या स्टँडची आठवणसुद्धा झाली नाही. तिने 'मलाबी न्या' म्हटलं तेव्हा मी कसा हसलो होतो, एवढंच आठवत होतं. तो आवाज कानातून जाईना. तिला काही झालं असतं तर तिला दिलेली माझी शेवटची मोठी गोष्ट ते हसणं ठरलं असतं.

आंबेदऱ्याच्या पुलावर नानासो, बँड आणि अख्खं गाव उभं होतं. अकरा चाळीसला ओढ्याच्या दगडांतून पहिली सायकल बाहेर आली. कमरेपर्यंत ओली, एका पायात चप्पल नाही, कपाळाला चिखल, आणि तोंडभर हसणारी माझी बायको. मागे सहाही जण. देवदत्त पुलाखाली सायकलवरून उतरून तसेच पाण्यात बसले आणि "पुन्हा! पुन्हा!" म्हणायला लागले. श्रद्धाने विजयमालाला मिठी मारली. बँडवाल्यांना कधी सुरू करायचं ते समजेना, म्हणून त्यांनी लग्नातलं सुरू केलं.

सत्कार तिथेही झाला. सहा फेटे बांधले. नानासोच्या हातात सातवा उरला. तो माइकवरच म्हणाला, "आनि ह्यो आमच्या दाजींना, ज्यांनी ही वाट काढली."

मी एका पायावर उठलो. "ही वाट मी काढली नाही," मी म्हणालो. "मी तर पोटावर झोपून बघितली आणि परत आलो. फेटा वाट दाखवणाराला बांधा."

बाईला फेटा आंबेदऱ्यात आजवर बांधलेला नाही. नानासो बहिणीकडे बघत राहिला. मग मीच घेतला. फेटा बांधायला मला येतो. एका पायावर तोल जात होता, म्हणून तिने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "हसायचं न्हाई."

मी हसत नव्हतो. डोळ्यांत काय आलं होतं ते तिला दिसलं असावं, कारण तिने दंड आणखी घट्ट धरला.

शुक्रवार, २७ डिसेंबर

गाळलेली तीन गावं भडकली आहेत. "आमी काय पाप केलं? मांडव घातला, बासुंदी आटवली!" असे निरोपावर निरोप आले. शेवटी मी आणि विजयमाला ट्रॉलीत बसून तीन दिवस राहिलेले सत्कार घेत फिरलो. सहांचे नारळ आणि शाली आम्हां दोघांना. अठरा शाली. एका गावात भाऊसोच प्रमुख पाहुणा होता. त्याचाही सत्कार झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

धोंडुबाईला चार शाली दिल्या. पळण्याबद्दल.

मंगळवार, ३१ डिसेंबर

क्लबचं पत्र आलं. वाट पसंत. भोर रद्द. पुढच्या डिसेंबरात ऐंशी जण येणार, घळीतूनच. सत्कार एकाच गावाने करावा, तोही मोहीम संपल्यावर आणि दरवर्षी पाळीने, अशी विनंती आहे. 'सत्कार' शब्द त्यांनी अधोरेखित केला आहे.

पाकिटावर नाव होतं 'सौ. विजयमाला रांजणे, मार्गदर्शक'. खाली बारीक अक्षरात 'द्वारा लालासाहेब रांजणे'. पोस्टमनने मला विचारलं, "ह्या कोन?" मी म्हणालो, "मी द्वारा आहे. त्या आत आहेत."

डायरी संपली, उद्या ती पुन्हा पिठाच्या डब्याखाली जाईल. घोटा आता बरा आहे. सकाळी सायकल पुसली. सीट चार बोटं खाली होती. पाना घेतला आणि बोल्ट आवळला, तिथेच.